दहा घरांनी मिळून माशाची एक जात कशी सांभाळावी

टकीला स्प्लिटफिन हा करंगळीएवढा मासा. अंग मातकट, नराच्या शेपटीवर केशरी चंद्रकोर, मादी तर अगदीच साधी. दुकानात ठेवला तर कोणी ढुंकून बघणार नाही. मी नॉटिंगहॅमला राहते, मूळची मिरजेची. घरामागच्या शेडमध्ये माझ्या टाक्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा या एकाच जातीने अडवल्या आहेत. इंग्लंडात, जर्मनीत, अमेरिकेत राहणारी मासेवेडी मराठी मंडळी विचारतात, "आम्हालाही पाळायचे आहेत, काय काय लागतं?" फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

भारतातल्या वाचकांना आधीच सांगते, हा मासा तुमच्यासाठी नाही. माझा पुण्याचा भाचा दर खेपेला म्हणतो, "मावशी, दोन जोड्या सामानातून आण की!" नाही आणणार. विनापरवाना जिवंत मासे नेणं बेकायदा आहेच, शिवाय एकट्याकडच्या दोन जोड्यांनी जात वाचत नाही, फक्त टाकी भरते. पण पुढे जी हिशेबाची आणि देवाणघेवाणीची पद्धत सांगणार आहे, ती आपल्याकडच्या कुठल्याही दुर्मीळ माशाला लावता येईल. म्हणून वाचा.

मासा कुठला, आणि वाचला कसा

मेक्सिकोच्या खालिस्को राज्यात टकीला ज्वालामुखीच्या पायथ्याशी तेउचित्लान नावाचं गाव आहे. तिथल्या झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारी छोटी नदी हे या माशाचं घर. नाव ज्वालामुखीवरून पडलंय, दारूवरून नव्हे. शास्त्रज्ञांनी त्याला रीतसर नाव दिलं १९९८ मध्ये, आणि तोवर तो नदीतून जवळजवळ गेलेलाच होता. गावाचं सांडपाणी, पाण्याचा उपसा, अडवलेला प्रवाह आणि बाहेरून आणून सोडलेले मासे या सगळ्यांनी मिळून ते केलं. पुढे एका झऱ्याच्या जेमतेम ४ मीटर रुंद डबक्यात पन्नासहून कमी मासे सापडले. बाकी नदी रिकामी.

त्याच १९९८ साली इव्हान डिबल या इंग्रज हौशी मत्स्यपालकाने आपल्याकडच्या ५ जोड्या मेक्सिकोतल्या मोरेलियाच्या मिचोआकाना विद्यापीठात पोचवल्या. म्हणजे मेक्सिकोचा मासा इंग्लंडातल्या कुणाच्या तरी टाकीतून परत मेक्सिकोला गेला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती वसाहत पंधराएक वर्षं सांभाळली गेली. मग तिच्यातले ४० नर आणि ४० माद्या मोठ्या कृत्रिम तळ्यांत सोडल्या. तिथे त्यांना शत्रू, परजीवी, कमी-जास्त होणारं अन्न अशा सगळ्यांशी गाठ घालावी लागली. चार वर्षांत त्या तळ्यांत अंदाजे १०,००० मासे झाले. त्यातलेच सुमारे १,५०० पुढे नदीत सोडले आणि ते तिथे टिकले, वाढले. चेस्टर प्राणिसंग्रहालय यात पहिल्यापासून पाठीशी होतं. २०२१ च्या डिसेंबरात त्यांनी ही बातमी जगाला दिली. गावातली मुलं आता या माशाला लाडाने 'झूगी' म्हणतात. त्याच नदीतला दुसरा नाहीसा झालेला मासा, सोनेरी स्किफिया, २०२२ च्या नोव्हेंबरात परत सोडला गेला.

या मासे-कुळाला गुडिड म्हणतात आणि त्यांच्यासाठी हौशी लोक, प्राणिसंग्रहालयं आणि विद्यापीठं यांचा मिळून गुडिड वर्किंग ग्रुप २००९ पासून काम करतो. आमच्यासारख्यांचे छोटे गट तीच शिस्त घरच्या पातळीवर पाळतात. नदीत मासे परतले म्हणून आमचं काम संपलं नाही. उद्या त्या नदीत काही विषारी सांडलं, तर पुन्हा सुरुवात टाक्यांमधूनच करावी लागेल.

आधी माणसं जमवा

मासे मिळवणं सोपं आहे. कठीण आहे ती सहा-आठ-दहा विश्वासू घरं. आमच्या गटाचं मी भिशीसारखं बघते: प्रत्येकाने ठरल्या वेळी आपला वाटा टाकायचा, आपली पाळी आली की घ्यायचं, आणि मधेच कोणी गायब झालं तर सगळ्यांचंच नुकसान. म्हणून माणूस घेताना मी त्याच्या टाक्या किती सुंदर आहेत ते बघत नाही. एकच जात तीन-चार वर्षं तरी नेटाने ठेवली आहे का, विचारलं की आकडे सांगता येतात का, आणि कंटाळा आला तर तसं आधी सांगेल का, एवढंच बघते. सुंदर टाक्यावाले बहुधा दर वर्षी नवीन काहीतरी आणतात आणि जुनं खपवतात. असल्या लोकांना माझा दुरून नमस्कार.

सुरुवातीलाच चार गोष्टी कागदावर लिहून सगळ्यांनी मान्य करा. मासे विकायचे नाहीत. गटाबाहेर द्यायचे तर सांगून द्यायचे. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या माशांशी यांची सरमिसळ करायची नाही. आणि बाहेरच्या कुठल्याही पाण्यात, मग तो घरामागचा ओढा असो की कालवा, एकही मासा सोडायचा नाही. ब्रिटनमध्ये हे कायद्यानेच बंद आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आपल्याकडे डासांसाठी विहिरीत आणि हौदात गप्पी सोडतात ना, तेच गप्पी मेक्सिकोच्या पाण्यातही पोचलेत. तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की गप्पीचे नर आपली मादी सोडून गुडिड माद्यांच्याही मागे लागून त्यांना हैराण करतात. परक्या पाण्यात सोडलेला मासा काय करेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

टाकी आणि पाणी

इथे फार वेळ घालवत नाही, कारण मासा मुळात चिवट आहे. वीसेक माशांच्या टोळीला शंभर लिटरच्या खाली जाऊ नका. स्पंज फिल्टर पुरे. त्याच्या स्पंजात पिल्लं ओढली जात नाहीत. पाणी थोडं जड हवं, म्हणजे साबणाला लवकर फेस न येणारं. आमच्याकडे नळालाच तसं येतं. मँचेस्टरकडच्यांचं पाणी मऊ. त्यांनी फिल्टरमध्ये मूठभर प्रवाळाचा चुरा टाकावा. क्लोरीन मारणारं औषध मात्र कुठेही राहात असाल तरी लागतंच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

हा मासा लाजाळू आहे. उघड्या टाकीत कोपऱ्यात दबून बसतो आणि मग लोक म्हणतात आजारी दिसतोय. दगडांच्या कपारी करा, उलटी केलेली मातीची कुंडी ठेवा, एका बाजूला जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींची दाट गचपण होऊ द्या. त्या गचपणातच पिल्लं वाचतात. टाकी देखणी दिसली नाही तरी चालेल.

तापमानाचं मात्र नीट ऐका. बारा महिने २५ अंशांवर हीटर लावून ठेवलात तर माद्या एका वेतामागून दुसरं वेत देत राहतात आणि लवकर झिजून मरतात. मी हिवाळ्यात टाक्या १७-१८ अंशांपर्यंत उतरू देते. दोन-तीन महिने प्रजनन जवळपास थांबतं. वसंतात पाणी २०-२२ ला आलं की माद्या भरू लागतात, आणि विश्रांतीनंतरची पहिली पिल्लं दरवेळी दणकट असतात. उन्हाळ्यात काही टोळ्या मी अंगणातल्या टबमध्ये ठेवते, जाळी टाकून. इथल्या बगळ्यांना कुंपण कळत नाही. तुमच्या भागात असं बाहेर ठेवायला परवानगी लागते का, ते आधी बघा. आणि काचघरात ठेवू नका, जुलैच्या एका दुपारी तिथलं पाणी उकडून निघतं.

पिल्लं: गप्पी विसरा

ज्यांनी लहानपणी बरणीत गप्पी पाळलेत त्यांना वाटतं, पिल्लं देणारा मासा म्हणजे सगळं माहीत आहे. दोन ठळक फरक आहेत आणि दोन्हींवर आपली अख्खी पद्धत उभी आहे.

पहिला फरक पोटातला. गप्पीचं पिल्लू बहुतेक अंड्यातल्या बलकावर वाढतं. स्प्लिटफिनची मादी पिल्लांना पोटात खरोखर भरवते. जन्म बघायला मिळाला तर भिंग घेऊन बसा. मादीचं पोट शेवटी शेवटी चौकोनी दिसायला लागतं, ती हॉर्नवर्टच्या बुडाशी जाऊन स्थिर होते, अंगाला एक झटका देते आणि पिल्लू शेपटीकडून बाहेर येतं. ते क्षणभर तळाला पडतं, मग उसळी मारून पानांत घुसतं. तेवढ्यात बघा: त्याच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, पांढुरक्या पारदर्शक फितींचा झुबका लोंबत असतो. आईच्या अंगातलं अन्न पिल्लाने शोषलं ते याच फितींतून. एक-दोन दिवसांत झुबका विरून जातो. जन्मतःच पिल्लू सेंटिमीटरभर असतं आणि तासाभरात आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं गट्ट करू लागतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की गाभण मादीला उपाशी ठेवलं तर ते थेट पिल्लांत उतरतं. पिल्लं बारीक निघतात, कधी पाठ वाकलेली निघतात. गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा, थंडीत लांबतो. तेवढे दिवस डाफ्निया म्हणजे पाणपिसवा, डासांच्या अळ्या, गोठवलेले किडे आणि जोडीला उकडलेला पालक किंवा वाटाणा असं मिश्र खाणं द्या. एका वेताला डझन-दोन डझन पिल्लं होतात. कमीही होतात.

दुसरा फरक आमच्यासाठी सोन्यासारखा आहे. गप्पीची मादी नराचं बीज अंगात साठवते. एकदा भेट झाली की नर नसतानाही महिनोन्महिने पिल्लं देत राहते, आणि बाप कोण ते देव जाणे. गुडिडची मादी साठवत नाही. प्रत्येक वेतासाठी तिला नव्याने नर लागतो. म्हणून मादी वेगळी काढा, पोटात असलेलं एक वेत होऊ द्या, आणि मग हव्या त्या नराशी गाठ घाला. पुढच्या वेताचा बाप शंभर टक्के ठाऊक. याच गोष्टीचा उपयोग संख्या आवरायलाही होतो. जागा संपली? नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या. दोन महिन्यांत पाळणा थांबतो, मासे जिवंत राहतात, कोणालाही मारावं लागत नाही.

नर-मादी ओळखायला रंगावर जाऊ नका, दबलेल्या नराचा रंग उडतो. पोटाखालचा गुदपंख बघा. नराच्या या पंखाचे पुढचे काटे आखूड असतात आणि त्यांच्यामागे एक खाच असते, म्हणूनच याला स्प्लिटफिन म्हणतात. मादीचा पंख सलग. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांतही चांगल्या उजेडात ही खाच दिसते.

हिशेब

लोकांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. टाकीत मासे किती आहेत याला फारसा अर्थ नाही. पुढच्या पिढीला किती जणांचं रक्त पोचतंय, ते मोजायचं. त्याचं सूत्र सोपं आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले ४, भागिले एकूण मासे. समजा तुमच्याकडे २ नर आणि २० माद्या आहेत. ४ गुणिले २ गुणिले २० म्हणजे १६०, भागिले २२. उत्तर सातच्या आसपास. टाकीत बावीस मासे, पण वारशाच्या हिशेबात सातच. तेच ११ नर आणि ११ माद्या ठेवल्यात तर पुरे बावीस. त्यामुळे "नर भांडतात म्हणून मी दोनच ठेवले" असं कोणी म्हटलं की मी हे गणित त्यांच्यासमोर मांडते. नर भांडत असतील तर कपारी वाढवा.

आणखी एक. पिढ्यांची सरासरी साधी काढता येत नाही. सगळ्यात वाईट पिढीच सगळ्यांना खाली ओढते. तीन पिढ्यांत ५०, १० आणि ५० मासे असले तर साधी सरासरी ३७ च्या घरात दिसते, पण वारशाच्या हिशेबाने ती फक्त २१ भरते. एक वर्ष हयगय झाली की त्याची किंमत पुढची कितीतरी वर्षं मोजावी लागते. या माशाची सुरुवातच मुळात पाच जोड्यांसारख्या तुटपुंज्या भांडवलावर झाली आहे. आता त्यात आणखी उधळपट्टी परवडणार नाही.

एका घरात पन्नासाच्या वर मासे नीट ठेवणं अवघड. दहा घरांत मिळून दोन-तीनशे सहज राहतात. मात्र दहा घरं एकमेकांशी न बोलता बसली, तर प्रत्येक टाकी आपापल्या परीने सगोत्र होत जाते. म्हणून फिरवाफिरवी. घरांना क्रमांक द्या. वसंतात पहिल्या घराने आपले तरणे नर दुसऱ्याला द्यायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने पहिल्याला. माद्या जागच्या जागी. दिशा कधीही बदलायची नाही, म्हणजे एखाद्या घराचं रक्त त्याच घरात परत यायला बराच काळ जातो. नर निदान तीन-चार वेगवेगळ्या माद्यांचे असू द्या. पुस्तकांत ही फिरवाफिरवी एकाच वेळी सगळ्यांनी करायची असं सांगतात. आम्ही अर्धी घरं एका वर्षी, अर्धी पुढच्या वर्षी अशी करतो. कारण रोगही याच वाटेने फिरतो. शिवाय एक घर असं ठेवा जे फक्त देतं, घेत कधीच नाही. बाकी सगळीकडे आग लागली तरी ते शिल्लक राहील.

आता निवडीबद्दल. हौशी माणसाचा हात आपोआप सर्वांत रंगीत नराकडे जातो. आमच्यात हे चालत नाही. झगझगीत केशरी नर निवडत गेलं तर पाच-सात पिढ्यांत सुंदर मासा तयार होईल आणि तो तेउचित्लानच्या नदीतला मासा राहणार नाही. नदीत तर तो रंग बगळ्याला आधी दिसेल. त्यामुळे पुढच्या पिढीसाठी मासे काढताना मी जाळी गचपणात घालते, वर उचलते, आणि येतील ते घेते. मोडके-वाकडे आणि आजारी तेवढे वगळायचे. प्रत्येक मादीची साधारण सारखीच पिल्लं ठेवायची. एकीची पन्नास आणि दुसरीची दोन असं नको.

माणसाळणं हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा. झाकण उघडलं की तोंड वासून वर येणारे मासे पाहुण्यांना आवडतात. मला आवडत नाहीत. म्हणून खाणं ठरल्या वेळी देऊ नका, जिवंत अन्न सोडा आणि त्यांना पकडू द्या, आठवड्यातून एक दिवस उपास घडवा. आणि पिढ्यांची घाई नको. मासा सहा महिन्यांत वयात येतो, पण वर्ष-दीड वर्षाच्या मादीची पिल्लं पुढे चालवली तर दहा वर्षांत पिढ्या कमी होतात आणि टाकीची सवय अंगात भिनायलाही वेळ लागतो.

देताना, घेताना

आलेला मासा थेट टोळीत सोडायचा नाही. सहा आठवडे वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळी नळी. या काळात विष्ठेकडे बघा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर पोटात काहीतरी आहे. गुदद्वारातून लालसर, केसासारखे बारीक धागे डोकावत असतील तर ते कॅमलॅनस जंत. पिल्लं देणाऱ्या माशांत हे फार. लेव्हॅमिसोल या जंतांच्या औषधाने जातात, पण एका मात्रेत नव्हे. पहिल्या मात्रेनंतर तळ ओढून साफ करायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायची. मात्रा माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याकडून ठरवून घ्या. मासा खाऊनही वाळत चालला असेल, पाठ वाकत असेल, अंगावर न भरणारी जखम असेल, तर माशांच्या क्षयाची शंका घ्या आणि त्या टाकीतून कोणालाही काही देऊ नका. हा रोग हातावरच्या चिरेतून माणसालाही होतो. म्हणून हातमोजे घाला, आणि पाणी उपसायची नळी तोंडाने ओढायची आपली जुनी सवय सोडा.

नेण्याआधी माशांना एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. पिशवीत पिशवी घालून दुहेरी करायची, आणि खालचे कोपरे चिकटपट्टीने गोल करून घ्यायचे, नाहीतर लहान मासे त्या कोपऱ्यांत अडकून चेंगरतात. मोठे नर एका पिशवीत दोनाहून जास्त नकोत. बाहेर वर्तमानपत्र, मग थर्माकोलचा खोका. कुरिअरवर माझा विश्वास नाही. आम्ही वर्षातून एकदा सोयीच्या गावी भेटतो आणि हातोहात देतो. तिथे जेवणखाणही होतं, पण आधी मोजदाद, मग वडे.

वही

संगणकावर नोंद ठेवा, तरी टाकीला चिकटवलेली चिठ्ठीही हवीच. चिठ्ठीवर जात, मूळ ठिकाणाची खूण, कोणाकडून आणि कधी आले. ठिकाणाची खूण हरवलेला मासा आमच्या योजनेतून बाद, मग तो कितीही तगडा असो. पाळू शकता, पण गटाला देऊ शकत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण टकीला स्प्लिटफिन ज्यात मोडतो त्या झूगोनेटिकस या एकाच वंशातल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. माद्या तर भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. २००८ साली शास्त्रज्ञांनी जुन्या एका जातीतून पुर्हेपेचुस ही नवी जात वेगळी काढली. ज्यांनी ठिकाणाची नोंद ठेवली होती त्यांना आपल्या टाकीत काय आहे ते लगेच सांगता आलं असणार. म्हणून या वंशाच्या दोन जाती एका शेडमध्ये ठेवल्या तरी एका टाकीत कधीही नकोत, आणि जाळीही वेगळी. ओल्या जाळीच्या घडीत पिल्लू लपून दुसऱ्या टाकीत जातं.

मोजणी वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. नर किती, माद्या किती, पिल्लं किती, मेले किती, दिले-घेतले किती. अंदाजपंचे आकडा चालत नाही. टब रिकामा करावा लागला तरी करा. सगळ्यांचे आकडे एकाच माणसाकडे जातात, आणि त्या माणसाने कोणाचं घर धोक्यात आहे ते ओळखून बाकीच्यांना सांगायचं. आकडे कमी भरले म्हणून कोणावर ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी लोक खोटे आकडे देतात.

भाच्यासाठी

आता भारतातल्यांचं. केरळ-कर्नाटकच्या पश्चिमवाहिनी नद्यांतला सह्याद्रिया डेनिसोनी, दुकानातला 'मिस केरला', निसर्गात धोक्यात आहे. हा अंडी घालणारा मासा, त्यामुळे पिल्लांचं तंत्र सगळंच वेगळं. नदीतून एकही न पकडता, हॅचरीत जन्मलेल्या माशांवर, वन आणि मत्स्य खात्याला विचारून काम करायचं. हिशेब, फिरवाफिरवी आणि वही मात्र हीच. आणि काही मासे आहेत तिथेच बरे. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा २०२० मध्ये जगापुढे आला, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे जाळी घेऊन जायचं नाही. कुंडात निर्माल्य, साबण आणि गप्पी पडू न देणं हेच त्याचं संवर्धन. भाच्याला एवढंच जमलं तरी मला टकीलाच्या दोन जोड्यांपेक्षा मोलाचं.

वारसदार

शेवटचा मुद्दा सगळे टाळतात, कारण त्यात आजारपण आणि मरण येतं. या छंदातली बरीच माणसं साठीपलीकडची आहेत, मीही त्यातलीच. कोणी अचानक इस्पितळात जातं, घरचे आठवडाभर टाक्यांकडे बघत नाहीत, मग कोणीतरी सगळे मासे एका बादलीत जमा करून जवळच्या दुकानात नेऊन देतो. वीस वर्षांची ओळ एका दुपारी संपते. म्हणून गटात येतानाच प्रत्येकाने दोन नावं द्यायची: आपल्यानंतर मासे कोण नेईल, आणि ते येईपर्यंत खायला कोण घालेल. दुसरं नाव शेजाऱ्याचं असलं तर उत्तम, त्याच्याकडे किल्ली असते. शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: हे मासे विकू नयेत, एकत्र करू नयेत, या नंबरवर फोन करावा. चिठ्ठी घरच्यांना समजेल त्या भाषेत हवी. माझी इंग्रजीत आहे, आणि खाली यजमानांसाठी मराठीत एक ओळ: पंपाची पिन काढायची नाही.